‘लाइन’ : एका आखूड शब्दाच्या चरित्राची प्रस्तावना

परभाषेतून आलेल्या एकाच शब्दावर स्वतंत्र पुस्तक लिहावे, आणि तेही ‘लाइन’ यासारख्या, शाळेची पायरी न चढलेल्या माणसाच्या तोंडीही दिवसातून अनेकदा येणाऱ्या आणि म्हणूनच कोणी निरखून न पाहिलेल्या शब्दावर लिहावे, याचे समर्थन करणे हे या प्रस्तावनेचे पहिले काम आहे. कोशकारांना विचारले तर ते सांगतील की भारदस्त, लांबलचक आणि विद्वज्जनांच्याच वापरात असलेले शब्द त्यांना फारसे छळत नाहीत, कारण अशा शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो नोंदवला की त्याचा हिशेब मिटतो. छळतात ते लहान शब्द. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली, तेव्हा तिच्यात सर्वांत अधिक जागा अडवून बसले होते ते ‘सेट’ हे क्रियापद, आणि पुढे त्याच कोशाच्या नव्या आवृत्तीचे काम चालू असता ‘रन’ या तितक्याच आखूड क्रियापदाने अर्थांच्या संख्येत सहाशेचा आकडा ओलांडून त्याला मागे टाकले. आपल्याकडे हा मान ‘लागणे’ आणि ‘पडणे’ यांच्यापैकी एकाला द्यावा लागेल. तहान लागते, ठेच लागते, नोकरी लागते, झाडाला फळ लागते, दूध तळाला लागते, घाटात एखाद्याला मोटार लागते, आणि शेजारचा अमुक गृहस्थ नात्याने आपला मामा लागतो. मराठी घरातले मूल हे सारे कोणी न शिकवता उचलते, आणि मराठी शिकू पाहणारा परका मनुष्य मात्र येथेच हताश होऊन बसतो.

पण ‘लागणे’ हे घरचे क्रियापद आहे. त्याचे अर्थ शतकानुशतके याच भूमीत वाढलेले आहेत. ‘लाइन’चे तसे नाही. असा बहुअर्थी शब्द जेव्हा आपला मुलूख सोडून दुसऱ्या भाषेत येतो तेव्हा तो आपले सगळे अर्थ बरोबर आणत नाही, आणि जे आणतो तेवढ्यावर संतुष्टही राहत नाही. इंग्रजीत कपाळावरची सुरकुती ही ‘लाइन’ असते, कवितेचा चरण ‘लाइन’ असतो, गळाची दोरी आणि कपडे वाळत घालण्याची दोरीही ‘लाइन’च असते, मराठीने यांतले काही उंबऱ्याबाहेरच ठेवले. उलट एखादा तरुण एखाद्या मुलीवर ‘लाइन मारतो’, आणि ती प्रसन्न असेल तर ‘लाइन देते’, हे इंग्रजाला उलगडून सांगावे लागेल. कोणते अर्थ आत घेतले गेले, कोणते दारातून परत गेले आणि कोणते येथेच जन्मले, याचा शोध हा या पुस्तकाचा विषय आहे.

हा शोध नार्व्यात बसून घेतला, यात थोडे औचित्यही आहे. गोव्याच्या डिचोली महालातले हे गाव मांडवीच्या काठी आहे, आणि नदीपलीकडे दिवाडी बेटावर दुसरे, मूळचे नार्वे आहे. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर आधी तेथे होता, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मसत्तेने तेथले देऊळ उद्ध्वस्त केल्यावर त्याचे लिंग नदी ओलांडून अलीकडे आणले गेले. छत्रपती शिवाजीमहाराजांनी १६६८ साली या देवालयाचे काम सुरू करविले, आणि त्याची साक्ष देणारा शिलालेख देवळाच्या दारावर आजही आहे. तो वाचणारा कोणीही यात्रेकरू ‘शिलालेखाची लाइन’ असे म्हणत नाही. कोरलेल्या अक्षरांची ‘ओळ’च असते. याच महाराजांनी राज्याभिषेकानंतर रघुनाथपंतांकरवी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला, ज्यात दरबारी व्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले होते. कोश झाला, त्याची कीर्ती झाली. तरी हद्द, तारीख, जमीन, दरवाजा, फिर्याद, हुकूम हे शब्द आपापल्या जागेवरून हलले नाहीत. पुढे विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली, महापौर आणि दिग्दर्शक यांसारखे सुरेख शब्द दिले, आणि ज्यांनी १९२५ साली फारशी–मराठी कोश रचला त्या माधवराव पटवर्धनांनीच भाषाशुद्धीचा कैवार घ्यावा, असा एक मौजेचा योगही त्या काळात घडून आला. या सर्व प्रयत्नांविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे: ते सर्व शब्दाच्या जागी शब्द बसवणारे होते. परका शब्द जेव्हा आपल्या एखाद्या शब्दाला उठवून त्याच्या आसनावर बसतो तेव्हा हा उपाय चालतो. ‘लाइन’ कोणाच्याही आसनावर बसलेली नाही. ती आसनांच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरली आहे, आणि म्हणूनच तिच्यासाठी एक प्रतिशब्द शोधू जाणारा मनुष्य पाच-सहा शब्द हाती घेऊन परत येतो व त्यांतला एकही पुरता लागू पडत नाही.

ते पाच-सहा शब्द कोणते? ओळ, रांग, रेघ, रेषा, पंगत, हद्द. यांच्याविषयी एक व्याकरणाची बाब लक्षात घेण्यासारखी आहे, ती म्हणजे हे सहाही शब्द स्त्रीलिंगी आहेत. ‘लाइन’ मराठीत आली ती त्यामुळेच, कोणी न ठरवता, स्त्रीलिंगी झाली; टेबल नपुंसक झाले, रेडिओ पुरुष झाला, पण ‘तो लाइन’ असे म्हणणारा मराठी माणूस सापडावयाचा नाही. एवढेच नव्हे, तर तिला विभक्तीही लागली. शहरात ‘लाइनमध्ये उभा राहा’ असे म्हणतात, म्हणजे शब्द परका आहे हे जाणून त्याला न दुखवता अव्यय जोडतात. आमच्याकडे पेडणे-डिचोलीत, आणि महाराष्ट्राच्याही खेड्यापाड्यांत, ‘लाइनीत उभा राहा’ म्हणतात, म्हणजे ‘विहिरीत’, ‘जमिनीत’ या शब्दांप्रमाणे तिचे सामान्यरूप करून मोकळे होतात. माझ्या मते परका शब्द घरचा झाला की नाही याची परीक्षा कोशात त्याची नोंद आहे काय यावरून करू नये. त्याचे सामान्यरूप होते काय यावरून करावी. या कसोटीवर खेडे शहराच्या पुढे गेलेले आहे.

आता या शब्दाचे मूळ. लॅटिन भाषेत ‘लिनुम’ म्हणजे जवसाचे झाड, ज्याला काही ठिकाणी अळशी म्हणतात. त्याच्या धाग्याचे कापड ते लिनन, आणि त्याच्या धाग्याची दोरी ती ‘लिनेआ’. कोटाच्या आत शिंपी जे ‘लायनिंग’ लावतो तेही याच कुळातले, कारण अस्तर पूर्वी लिननचे असे. म्हणजे ‘लाइन’ ही मुळात रेघ नव्हे आणि रांगही नव्हे. ती ताणून धरलेला दोरा आहे. हा दोरा गवंड्याने भिंतीवर धरला, त्यावरून सरळपणाचा अर्थ आला; सरळपणावरून आखलेली रेघ, आणि रेघेवरून तिच्यावर मांडलेल्या माणसांची वा वस्तूंची रांग.

हे कळल्यावर मराठी वाचकाला एकदम आठवेल तो ‘सूत’. आपल्या सुताराचे नावच सूत्रधारावरून आले. भिंत ‘सुतात’ आहे की नाही हे पाहावयाचे ते दोरा धरून, आणि सुतारकामात इंचाच्या आठव्या हिश्श्याला ‘सूत’ म्हणतात. म्हणजे इंग्रजी शब्दाची आणि मराठी शब्दाची जन्मकथा एकच आहे, आणि आश्चर्य हे की त्यांच्या पुढल्या वाटाही बराच काळ शेजारून गेल्या आहेत. वाह्यात पोराला धाक दाखवला की तो ‘सुतासारखा सरळ’ होतो. आज तोच पोरगा ‘लाइनीवर येतो’. दोन माणसांचे ‘सूत जुळते’, आणि त्यांतले एक तरुण आणि एक तरुणी असेल तर शेजारीपाजारी तो वाक्प्रयोग डोळे मिचकावून करतात. त्यांच्या नातवंडांच्या पिढीने त्याच कामी ‘लाइन’ नेमली. वर्तमानपत्रांना ‘विश्वसनीय सूत्रांकडून’ बातमी कळते, मंत्री पडद्याआडून ‘सूत्रे हलवतात’, आणि पक्षाचा कार्यकर्ता ‘वरून काय लाइन आली’ याची वाट पाहतो. एवढे साम्य असता ‘सूत’ सर्वत्र का पुरले नाही, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर असे की मराठीत सुताने आपली कताई सोडली नाही. ‘सूत’ म्हणताच चरखा, चाते आणि कापूस डोळ्यांपुढे येतो, म्हणून माणसांच्या रांगेला वा घरांच्या ओळीला सूत म्हणणे कोणालाही सुचले नाही. इंग्रजीत मात्र ‘लाइन’ जवसाच्या शेतापासून इतकी दूर गेली होती की तिच्या जन्माची आठवण कोणालाच अडवीत नव्हती. विस्मरण हा शब्दाच्या बढतीचा एक मार्ग आहे.

आता ही ‘लाइन’ आमच्याकडे कोणत्या वाटेने आली ते पाहू. डिचोली, पेडणे, सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून जिंकलेल्या मुलखात, गेले आणि १९६१च्या डिसेंबरापर्यंत पोर्तुगीज अमलाखाली राहिले. पोर्तुगीज भाषेतली ‘लिन्य’ ही ‘लाइन’ची सख्खी बहीण. असे असता आमच्या बोलण्यात घट्ट रुजली ती मुंबईच्या वाटेने आलेली इंग्रजी बहीण, आणि हे का झाले याचा विचार उपकारक आहे. पोर्तुगीजांकडून आम्ही आणि आमच्या मागून साऱ्या महाराष्ट्राने घेतलेले शब्द पाहा: चावी, पाव, बटाटा, घमेले, फीत. हे हाताने धरता येणाऱ्या वस्तूंचे शब्द आहेत, आणि दाल्गाद या गोमंतकीय पंडिताने १९१३ साली आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा जो संग्रह प्रसिद्ध केला त्यातही अशा वस्तुवाचकांची मोठी गर्दी आहे. ‘लाइन’ ही वस्तू नव्हे. ती एक व्यवस्था आहे, आणि ती ज्या संस्थांबरोबर आली त्या रेल्वे, गिरणी, पोलीसखाते आणि तारायंत्र या संस्था आमच्या माणसांना मुंबईत भेटल्या. पोटासाठी मुंबईस गेलेला पेडण्याचा मनुष्य परत येताना ट्रंकेत काय आणी ते सर्वांना दिसे. जिभेवर काय आणी ते कोणी तपासले नाही, तेरेखोलच्या पोर्तुगीज नाक्यावरच्या जकातवाल्यांनीही नाही.

मुंबईत हा शब्द किती रूपांनी वावरत होता ते पाहण्यासारखे आहे. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ साली धावली तेव्हापासून रूळ हे ‘लाइन’ झाले, आणि पुढे मेन लाइन व हार्बर लाइन ही मुंबईकराच्या पत्त्याचाच भाग बनली. गिरणीत मागांच्या रांगांवर देखरेख करणारा ‘लाइन जॉबर’ असे, ज्याच्या मर्जीवर कामगाराची रोजी अवलंबून राही. लष्कराच्या छावणीत शिपायांच्या झोपड्या ओळीने बांधीत, त्या ‘लाइन्स’. मरीन लाइन्स हे स्टेशनाचे नाव अशाच एका जुन्या फौजी वस्तीवरून पडलेले आहे, नागपुरात साहेबांचे बंगले ‘सिव्हिल लाइन्स’मध्ये होते, आणि ‘पोलीस लाइन’ तर प्रत्येक जिल्ह्याच्या गावी आहे. येथे पुन्हा एकदा आपल्या शब्दाची गाठ पडते, कारण पुण्याची तांबट आळी किंवा कासार आळी यांतली ‘आळी’ ही संस्कृत ‘आलि’ किंवा ‘आवली’ म्हणजे ओळ या अर्थाच्याच शब्दापासून निघालेली, घरांची रांग या अर्थाची आहे. फरक एवढाच की आळीत माणसे जातीने आणि धंद्याने राहत, लाइनीत ती नोकरीने आणि हुद्द्याने राहू लागली; नोकरी सुटली की लाइनीतले घरही सुटे. आळीला असा करार माहीत नव्हता. ‘कोणत्या लाइनीत आहेस?’ या प्रश्नातला धंदा हा अर्थही याच स्थित्यंतरातून आला असावा, असे मला वाटते. वडिलोपार्जित व्यवसायाविषयी हा प्रश्न विचारण्याची गरजच नव्हती. तो निवडण्याजोगा आणि बदलण्याजोगा झाला तेव्हा ‘नाटकाची लाइन’, ‘हॉटेल लाइन’ हे प्रयोग निघाले आणि ‘त्याने लाइन बदलली’ हे वाक्य शक्य झाले.

या स्थित्यंतराचे सर्वांत स्पष्ट दर्शन रांगेत होते, आणि माझ्या मते या पुस्तकाचे ते सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे. अनोळखी माणसांनी एकामागे एक उभे राहावे, जो आधी आला त्याला आधी मिळावे, आणि या क्रमात कुळ, वय, मानपान यांपैकी काहीही मोजले जाऊ नये, ही कल्पना आपल्याकडे जुनी नाही. पंढरपूरच्या विठ्ठलापुढची दर्शनबारी ही तिच्या जवळ जाते, आणि ‘बारी’ हा शब्द मला ‘लाइन’हून शतपट सुंदर वाटतो, परंतु तो देवळाच्या आवारातून बाहेर पडला नाही. आपली मुख्य मांडणी पंगतीची होती, आणि पंगतीत कोण कोठे बसणार हे पान वाढण्यापूर्वीच ठरलेले असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि धान्याच्या दुकानापुढे वकील आणि हमाल एकाच क्रमाने उभे राहिले, तेव्हा त्या उभे राहण्याला पंगत म्हणता येणार नव्हते, ओळ म्हणणे पुस्तकी वाटले असते, आणि ‘रांग’ या शब्दात क्रम होता तरी हक्क नव्हता. ‘लाइन’मध्ये तो हक्क आला. म्हणूनच कोणी मध्ये घुसला तर माणूस संतापून ‘ए, लाइनीत ये’ असे म्हणतो. तेथे ‘रांगेत ये’ म्हटले तर त्यात शाळामास्तरांची सूचना ऐकू येते, तक्रार ऐकू येत नाही.

नार्व्याला गोकुळाष्टमीस पंचगंगेच्या स्नानासाठी लोक लोटतात. त्या दिवशी देवळाशी एकच मनुष्य दर्शनाच्या ‘लाइनीत’ उभा राहतो आणि पुढे कोणाच्या घरी जेवणाच्या ‘पंगतीत’ बसतो. दोन शब्दांची अदलाबदल त्याच्याकडून चुकूनही होत नाही. ‘पंगतीची लाइन’ कोणी म्हणत नाही, आणि ‘दर्शनाची पंगत’ म्हटले तर लोक हसतील. परक्या शब्दाने आमचा शब्द मारला, असा आक्रोश करणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावा. पंगत जिवंत आहे, ओळ वहीत आणि शिलालेखात शाबूत आहे, हातावरची रेघ अजून रेघच आहे, शेताची मेर आणि गावची शीव यांना ‘लाइन’ म्हणण्याचे धाडस तलाठ्यानेही केलेले नाही. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, सिंधुदुर्गाच्या भूमीला लागून असूनही गोव्यात मोडतो, आणि तेथला शेतकरी या चमत्काराचे वर्णन ‘हद्द’ या फारसीतून आलेल्या शब्दानेच करतो. नुकसान झाले असेल तर ते एकट्या ‘रांगे’चे, ती बोलण्यातून उठून सरकारी फलकांवर राहावयास गेली आहे.

उरलेल्या अर्थांविषयी थोडक्यात. वीज गेली की महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी ‘लाइन गेली’ म्हणतात, आमच्याकडे ‘लाइट’ जाते. पण खांबावर चढणारा तो दोन्हीकडे ‘लाइनमन’च. टेलिफोनची ‘लाइन लागणे’ हा प्रयोग तर मला विशेष प्रिय आहे, कारण त्यात आमच्या सर्वांत बहुअर्थी क्रियापदाची आणि या सर्वांत बहुअर्थी पाहुणीची भेट झाली आहे. पण तारांऐवजी हवेतून बोलणे सुरू झाल्यापासून तो क्षीण होत चालला आहे. क्रिकेटची लाइन, बातमीची हेडलाइन, काम संपवण्याची डेडलाइन हे शब्द जसेच्या तसे आले आणि जसेच्या तसे राहिले. त्यांच्यात मराठीने स्वतःचे काही घातले नाही, म्हणून मी त्यांना थोडकी जागा दिली आहे. खाणींच्या भरभराटीच्या काळात डिचोली-साखळीच्या रस्त्यांवर खनिजाने भरलेल्या ट्रकांची जी ‘लाइन’ लागे तिच्याविषयी मात्र दोन पाने खर्ची घातली आहेत. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकमालकांच्या तोंडी ‘लाइन बंद झाली’ या तीन शब्दांत रस्त्यावरची रांग, धंदा आणि घरात येणारा पैसा हे तिन्ही अर्थ एकाच वेळी नांदत होते, आणि कोशाच्या पद्धतीने त्यांना क्रमांक देऊन वेगळे करणे मला अप्रामाणिक वाटले. कोकण रेल्वेची हकीकतही अशीच. पेडण्याच्या बोगद्याच्या भुसभुशीत, पाण्याने भिजलेल्या मातीने इंजिनियरांना इतके सतावले की १९९८च्या जानेवारीत सबंध मार्ग खुला होईपर्यंत त्या एका तुकड्याकडे साऱ्यांचे डोळे लागून राहिले होते. त्या वर्षांत या भागात ‘लाइन आली का?’ असे कोणी विचारले तर तो कोणत्या लाइनीविषयी विचारतो आहे हे सांगावे लागत नसे.

‘ऑनलाइन’ या शब्दाला मी शेवटी स्थान दिले आहे, आणि तेही अनिच्छेने. ज्या दोऱ्यावरून या शब्दाचा जन्म झाला तो येथे उरलेला नाही, आणि ज्या रांगेवरून त्याचा उत्कर्ष झाला ती टाळण्यासाठीच लोक ‘ऑनलाइन’ जातात. दाखल्यासाठी मामलेदाराच्या कचेरीपुढे उभे राहणे चुकते, हा त्याचा मुख्य गुण. खेडवळ बोलीत त्याचे सामान्यरूप अजून झालेले नाही. ‘ऑनलाइनीत भरले’ असे एखाद्याने सहज म्हटलेले ऐकू येईल तेव्हा या पुस्तकाच्या पुढल्या आवृत्तीत त्याची नोंद वर सरकवीन.

नोंदींचा क्रम अकारविल्हे न ठेवता अर्थांच्या जन्मक्रमाने ठेवला आहे, आणि त्यामुळे पहिला मान गवंड्याच्या ‘लाइनदोरी’ला मिळाला आहे. कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत या शब्दांत जसा एक अवयव परका आणि एक आपला असून दोघांचा अर्थ एकच, किंवा जवळजवळ एकच, असतो, तसाच हा जोडशब्द आहे. पाया आखताना दोन खुंट्यांमध्ये ती ताणणाऱ्या गवंड्याला लॅटिन जवसाशी काही कर्तव्य नसते, त्याला चिऱ्यांचा थर सरळ यावयाचा असतो. दुसरी नोंद ‘लायनिंग’ची आहे, आणि तिसरीपासून रेल्वे सुरू होते.